ब्रीदर बुजवून ऑइलगळती थांबत नाही : खुलासा

जुन्या अ‍ॅम्बॅसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचा ब्रीदर (आतला वायू बाहेर सोडणारी नळी) बुजवल्यास ऑइलगळती थांबते, असा संदेश गोव्यातील जुन्या गाड्यांच्या मालकांमध्ये फिरत आहे. तो साफ चुकीचा आहे. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ऑइल असलेल्या भागात, उतरतोच. त्याची वाट बंद केली की आतला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडते. या इंजिनात क्रँकशाफ्टच्या (फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) मागच्या टोकाला रबरी सील नसून तेल मागे फिरवणारे आटे असतात, त्यामुळे दाबाचा फटका तिथे लगेच बसतो आणि तेल थेट क्लचपर्यंत जाते.

आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः गाडी पणजीच्या बाजारापुरतीच फिरत असेल तर, इंजिन पुरते तापत नाही आणि आतली वाफ ऑइलमध्ये मिसळते; ती बाहेर जाण्यासाठीही ब्रीदर मोकळा हवा. ऑइलच्या झाकणाखाली जमणारी पिवळट, चिकट साय ही त्याची खूण आहे.

पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधला वायू बेताने इंजिनात परत ओढू देणारी झडप) बसवणे मात्र रास्त आहे. व्हॉल्व्हशिवाय ब्रीदरची नळी मॅनिफोल्डला (सिलिंडरांत हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांना) जोडल्यास आयडलिंगला जादा हवा ओढली जाऊन मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण कमी पडते, म्हणून ते करू नये. ब्रीदर बुजवलेल्यांनी तो आधी मोकळा करावा, आणि गळती तरीही राहिली तर रिंगा झिजल्या आहेत का हे कळण्यासाठी कॉम्प्रेशन (सिलिंडरांतला दाब) तपासून घ्यावे.