वस्तीनं मत कुणाला दिलं हे कळतंच कसं?

निवडणूक लागली की परत तेच सुरू. कुणाचा तरी माणूस वस्तीवर येतो आणि तोंडावर सांगतो, मतं कुठं पडली ते आम्हाला कळतंच, मग पाण्याचं, रस्त्याचं, घरकुलाचं बघून घेऊ. आणि डोकं फिरतं ते यासाठी की ही धमकी पोकळ नसते!! मोजणी बूथनिहाय होते, फॉर्म २० मधे, म्हणजे अंतिम निकालाच्या तक्त्यात, प्रत्येक बूथचे आकडे छापून येतात, म्हणजे एकट्याचं मत गुप्त पण अख्खी वस्ती उघडी. लहान गावात एकच बूथ असतो हो, तिथं कसली गुप्तता?

कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा मोजणीआधी वेगवेगळ्या बूथच्या मतपत्रिका एकत्र मिसळायची सोय तरी होती, ईव्हीएम आलं आणि ते गेलं. बरं उपाय नाही असंही नाही, टोटलायझर म्हणून यंत्र आहे, ते बऱ्याच ईव्हीएमची एकत्र बेरीज दाखवतं. निवडणूक आयोगानं २००८ ला प्रस्ताव दिला, विधी आयोगानं २०१५ च्या २५५ व्या अहवालात शिफारस केली, आणि केंद्र सरकारनं सुप्रीम कोर्टात विरोध केला. का?

वर सांगतात सी-व्हिजिल ॲपवर, म्हणजे निवडणूक आयोगाच्या तक्रारीच्या ॲपवर, फोटो-व्हिडिओ टाका. अहो धमकी देणारा कॅमेऱ्यासमोर बोलत नाही, ओट्यावर बसून हळूच बोलतो, आणि निकालानंतर पाच वर्षं त्याच माणसाच्या सहीसाठी, त्याच माणसाच्या टँकरसाठी याच लोकांना थांबायचं असतं. ते बूथनिहाय आकडे झाका आधी, मग ॲपचं सांगा.