तोंडाचा वास अन् चूर्णाचा मेसेज

आमच्या परभणीकडं ग्रुपवर परत तोच मेसेज फिरायलाय, तोंडाला वास म्हणजे पोटात घाण, रोज रात्री चूर्ण घ्या, कांदा-लसूण सोडा, लिंबू-सोड्यानं दात घासा आणि दाताचं क्लीनिंग करू नका, दात ढिले होतात. असंच वाचून माझ्या आत्यानं दोन वर्षं चूर्ण खाल्लं, म्हणून लिहायलोय.

पोटाचं आधी. अन्ननलिका एरवी मिटलेली असते, ढेकर आली तर तेवढ्यापुरता वास वर येतो. दहातल्या आठ-नऊ जणांचा वास तोंडातच तयार होतो. जिभेच्या मागच्या भागावर पांढरा थर साचतो, त्यातले जंतू अन्नाचे कण कुजवतात अन् गंधकाचे वायू सुटतात, सडक्या अंड्यासारखे. खरं वाटत नसंल तर चमच्यानं जीभ मागून खरवडा, मिनिटभर थांबा आणि चमचा हुंगून बघा. चूर्णानं काय होतं, जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं, तोंड कोरडं पडतं अन् वास उलट वाढतो, कारण तोंड धुवायचं काम लाळ करते. म्हणून तर सकाळी उठल्यावर, उपवासाला, मे महिन्यात रानात एका बाटलीवर दिवस काढला की वास येतो.

लसणाचं अर्धं खरंय. त्याचा वास रक्तातून फुफ्फुसात जातो म्हणून ब्रश करून हटत नाही, पण एक-दोन दिवसात जातो. वर्षभराचा वास ठेच्यातल्या लसणाचा नसतो.

लिंबानं दाताचं वरचं आवरण झिजतं, बाकी काही नाही.

पोट-तोंड सोडून कारणं असतात, टॉन्सिल, सायनस. आणि शुगरच्या पेशंटच्या तोंडाला पिकल्या फळासारखा वास, सोबत उलट्या, धाप असंल तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

आता क्लीनिंग, ह्याचाच मला जास्त राग. आत्या कित्येक वर्षं मिसरी लावते, बोलताना पदर तोंडावर धरायची. शेवटी दातवाल्या डॉक्टरकडं नेलं तर खालच्या दातांमागं किटणाची काळी-पिवळी भिंतच, हिरडी दाबली की पू यायला. दात ढिले करतं ते हे किटण! हिरडीखाली साचून आतलं हाड झिजवतं, वरून दाताला टेकू दिल्यासारखं दिसतं, काढलं की आधीचाच ढिलेपणा कळतो अन् नाव क्लीनिंगचं होतं. आत्याचे दोन दात काढावे लागले, दोन वर्षं आधी नेलं असतं तर वाचले असते कदाचित. पैशाची अडचण असंल तर संभाजीनगरला सरकारी दंत कॉलेज आहे, तिथं जा.

मिसरी सोडवायचं चालूच आहे आमचं, पण परवा भावकीतल्या लग्नात ती पुढं बसून बायकांशी मोकळं बोलत होती.