माणसाला किलोचा भाव लावण्याआधी

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर तो मजकूर पुन्हा आला. तुम्हीही तो कधी ना कधी वाचला असेल. विमानतळाच्या काउंटरवर एक सडपातळ माणूस, शेजारी एक लठ्ठ माणूस, आणि खाली लिहिलेलं: ‘६० किलोच्या माणसाच्या बॅगेत ५ किलो जास्त निघाले तर त्याला जादा पैसे, आणि ११० किलोचा माणूस ५० किलो जास्त फुकटात नेतो. हा कुठला न्याय? विमानाचं तिकीट वजनावर लावा.’ पुढे कारणं दिलेली: इंधन वाचेल, पॅसिफिकमधल्या सामोआ या छोट्या बेटदेशात एका कंपनीने हे करून दाखवलंय, विमान सुरक्षित राहील, शेजारच्याचा त्रास संपेल, आणि लोक वजन कमी करायला लागतील. त्याखाली टाळ्या आणि अंगठे.

त्याच ग्रुपवर माझी आत्या आहे. तिने काहीच लिहिलं नाही. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून बंगळूरला जाताना मी तिच्या शेजारी बसले होते. सीटचा पट्टा पुरेना. तो वाढवायला जोडपट्टा मिळतो, मागितला की देतात. पण आत्याने तो इतक्या हळू आवाजात मागितला की केबिन क्रूच्या मुलीला ऐकूच गेलं नाही, शेवटी मला मोठ्याने सांगावं लागलं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. उतरेपर्यंत आत्याने पाणीसुद्धा मागितलं नाही. म्हणून हा मजकूर मला नुसता वाचून सोडून देता येत नाही. त्यातला एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा बॅगेचा. सगळ्यात पटतो तो हाच. बॅगेच्या प्रत्येक किलोला पैसे, मग माणसाच्या किलोला का नको?

कारण बॅगेचे पैसे हे मुळात इंधनाचे पैसे नाहीत. आपल्याकडे देशांतर्गत प्रवासात सहसा १५ किलोची बॅग आणि हातात ७ किलो चालतं. हा आकडा विमानाच्या ताकदीवरून आलेला नाही. तेच विमान परदेशी निघालं की २०, २५, ३० किलो नेऊ देतात. बॅग ही वेगळी विकली जाणारी सेवा आहे: ती घ्यायची, पट्ट्यावर टाकायची, पोटात रचायची, उतरवायची, हरवली तर शोधायची. एका बॅगेला ३२ किलोची कमाल मर्यादा जगभर पाळतात ती विमानासाठी नव्हे, ती उचलणाऱ्या लोडरच्या कमरेसाठी. माणूस मात्र स्वतःच्या पायांनी चढतो. आणि खरंच वजनाचा हिशोब असता, तर तुम्ही १५ पैकी ६ किलोच नेलेत तेव्हा उरलेल्या ९ किलोंचे पैसे परत मिळाले असते. तसे कोणी देत नाही.

इथे कायद्याचीही एक गोष्ट सांगायला हवी. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात काही नुकसान झालं तर भरपाई कशी मोजायची, हे १९९९च्या माँट्रियल कराराने ठरवलंय. भारत त्यात २००९पासून आहे. त्यात मालाची भरपाई किलोमागे मोजतात. प्रवाशाच्या बॅगेची मर्यादा मात्र प्रवाशामागे आहे. आणि प्रवासी दगावला तर त्याच्या वजनाचा विचार कुठेही नाही. माल आणि माणूस यांचं खातं कायद्याने वेगळं ठेवलंय. ‘बॅगेला लावता तर माणसाला का नाही’ म्हणणारे ही दोन खाती एक करायला निघालेत, आणि तेही फक्त पैसे घेण्यापुरती.

दुसरा मुद्दा इंधनाचा. जास्त वजनाला जास्त इंधन लागतं, हे खरंच आहे. प्रश्न किती लागतं हा आहे, आणि तो आकडा त्या मजकुरात कधीच नसतो. आपण काढू. विमानक्षेत्रातला ढोबळ ठोकताळा असा, की जादा वजन वाहायला दर तासाला त्या वजनाच्या ३ ते ४ टक्के इंधन जास्त जळतं. मुंबई–दिल्ली दोन तास धरा. मजकुरातलाच ५० किलोंचा फरक घ्या आणि वरचा, ४ टक्क्यांचा दर लावा. दोन तासांत ४ किलो इंधन, म्हणजे साधारण ५ लिटर. विमानाचं इंधन लिटरला १०० रुपये धरलं तर ५०० रुपये. कमी दर लावला तर साडेतीनशे-चारशे. हे ६० आणि ११० किलोंमधलं अंतर आहे. सरासरी वजनाच्या प्रवाशाशी तुलना केली तर रक्कम आणखी उतरते.

आता त्याच विमानातल्या शेजारी बसलेल्या दोघांना त्यांचं तिकीट केवढ्याला पडलं ते विचारा. एकाने महिनाभर आधी काढलेलं असतं, दुसऱ्याने घरात कोणी आजारी पडलं म्हणून आदल्या रात्री. दोघांच्या भाड्यात हजारोंचा फरक असतो. सीट तीच, इंधन तेच. तिकिटाची किंमत खर्चावर कधीच नसते, ती गरज किती निकडीची आहे यावर असते. हजारोंचा तो फरक आपण निमूटपणे मान्य करतो आणि चारशे रुपयांवरून शेजारच्याच्या पोटाकडे बोट दाखवतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

विमान आधी स्वतःला उचलतं, हेही लक्षात घ्या. आपल्याकडे सर्रास उडणाऱ्या एअरबस ए३२० निओचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन ७९ टनांच्या आसपास. १८६ प्रवासी प्रत्येकी ७५ किलोंचे धरले तर माणसं होतात १४ टन. बाकी सगळं विमानाचा सांगाडा, इंधन आणि सामान. शिवाय कंपनीला इंधनाचा भार प्रवाशावर खरंच टाकायचा होता तेव्हा तिने काय केलं, तेही आपण पाहिलंय. ऑक्टोबर २०२३मध्ये इंडिगोने तिकिटावर इंधन शुल्क लावलं होतं, ३०० ते १००० रुपये. ते अंतरावर होतं, वजनावर नव्हतं. जानेवारी २०२४मध्ये ते काढलंही.

आणि हिशोब वजनाचाच करायचा, तर तो पूर्ण करा. दोन वर्षं पूर्ण झालेल्या लेकराला सीट घ्यावी लागते, आणि तिचं भाडं बहुतेक वेळा मोठ्यांइतकंच असतं. सहा वर्षांची मुलगी वीसेक किलोंची, तिचं तिकीट पाव किमतीत द्यायला नको का? बायकांचं सरासरी वजन पुरुषांपेक्षा कमी, मग त्यांना सवलत? महाराष्ट्र केसरीचा पैलवान ८६ ते १२५ किलोंच्या गटात लढतो, त्याच्याकडून जादा घेणार? मजकूर पुढे पाठवणाऱ्यांच्या मनात पैलवान नसतो, उंच माणूस नसतो, सात महिन्यांची गरोदर बाई नसते. त्यांच्या मनात एकच शरीर असतं. जो नियम एकाच प्रकारच्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून सुचतो, त्याला मी न्याय म्हणणार नाही.

सामोआचं उदाहरण खरं आहे. २०१३मध्ये सामोआ एअरने किलोवर भाडं लावलं, सगळ्यात जवळच्या मार्गाला किलोमागे एक ताला, म्हणजे तिथलं चलन. पण त्यांची विमानं कोणती होती? ब्रिटन-नॉर्मन आयलंडर आणि सेस्ना, जेमतेम चार ते दहा जणांची. एवढ्याशा विमानात एक माणूस कुठे बसतो यानेही तोल बदलतो. तिथे लहान मुलांचं भाडंही वजनावरच होतं, त्यामुळे लेकुरवाळ्या कुटुंबांना प्रवास स्वस्त पडायचा. हा भाग मजकुरातून नेमका गळलाय. ती कंपनी काही वर्षांतच बंद पडली, हेही.

खरं तर त्यासाठी सामोआला जायची गरज नाही. केदारनाथला हेलिकॉप्टरने गेलेल्या कुणालाही विचारा. वजनकाट्यावर उभं करतात आणि ठरावीक मर्यादेपुढच्या प्रत्येक किलोला जादा पैसे घेतात. मला ते मान्य आहे. साडेतीन हजार मीटरच्या वर हवा विरळ, हेलिकॉप्टरला उचलायची ताकद कमी, आत पाच-सहा माणसं. एकाचं वजन वाढलं तर दुसऱ्याला खाली ठेवावं लागतं. तिथे वजन हीच खरी मर्यादा आहे. १८६ जणांच्या विमानात मर्यादा सीटची असते. ११० किलोचा माणूस चढला म्हणून ६० किलोच्या कुणाला खाली उतरवत नाहीत.

सुरक्षिततेचं म्हणाल, तर तो मुद्दा गंभीर आहे, पण त्याचं उत्तर भाडं नाही. ८ जानेवारी २००३ला अमेरिकेत शार्लट विमानतळावरून उडताच एअर मिडवेस्टचं १९ आसनी विमान कोसळलं, आतले सगळे २१ जण गेले. तपासात दोन कारणं निघाली: शेपटीकडच्या नियंत्रणाची दुरुस्ती चुकीची झाली होती, आणि विमानाचा तोल मर्यादेपलीकडे मागे गेला होता. प्रवाशांचं जे सरासरी वजन कागदावर धरत होते ते जुनं झालं होतं, माणसं त्याहून जड होती. मग तिथल्या नियामकाने सरासरी वाढवली. आजही कंपन्या त्यासाठीच अधूनमधून प्रवाशांचं वजन घेतात. एअर न्यूझीलंडने २०२३मध्ये घेतलं, फिनएअरने २०२४मध्ये हेलसिंकीत. भाग घ्यायचा की नाही हे प्रवाशाच्या मर्जीवर, आणि वजनाला नाव चिकटवलेलं नाही. वैमानिकाला एकूण भार कळायला हवा. कुणाकडून जादा पैसे घेतल्याने तो भार एका ग्रॅमनेही कमी होत नाही.

राहिला शेजारच्याचा त्रास. यावर मी थोडं थांबणार आहे, कारण ही तक्रार खरी आहे. सीटचा हात वर करून कुणी तुमच्या जागेत आलं आणि दोन तास तुम्ही खिडकीला चिकटून बसलात, तर तुम्हाला राग येणारच. तुम्ही पूर्ण सीटचे पैसे दिलेत. पण हा त्रास रुंदीचा आहे, वजनाचा नाही. समजा आत्याकडून ५०० रुपये जादा घेतले. तुम्हाला एक इंच तरी जागा जास्त मिळाली का? पैसे कंपनीला गेले, तुम्ही तसेच अवघडलेले. तुमच्या नावाने मागितलेल्या न्यायात तुमच्या वाट्याला काहीच येत नाही.

सीट आहे केवढी? बोईंग ७३७मध्ये साधारण १७ इंच, ए३२०मध्ये १८. भरदार खांद्यांचा कुठलाही पुरुष त्यात शेजाऱ्याला घासतो, पोट असो वा नसो. सीट किमान किती मोठी असावी हे ठरवा, असं अमेरिकेच्या संसदेने तिथल्या विमान नियामकाला २०१८मध्ये कायदा करून सांगितलं. २०२२मध्ये कुठे लोकांची मतं मागवण्यापर्यंत मजल गेली, हजारो लोकांनी लिहिलं. आपल्याकडे तिकीट काढताना खाणं, बॅग, खिडकी, पुढची रांग सगळ्याचे दर दिसतात. सीट किती इंचांची ते दिसत नाही. ज्याला ते आधी कळायला हवं, त्याला ते आत बसल्यावर, सगळ्यांच्या देखत कळतं.

रुंदीच्या प्रश्नावर उपाय झालेले आहेत. कॅनडाच्या परिवहन प्राधिकरणाने जानेवारी २००८मध्ये निर्णय दिला: लठ्ठपणामुळे ज्याला एका सीटवर बसणंच शक्य नाही, त्याला देशांतर्गत प्रवासात दुसरी सीट लागली तरी भाडं एकच. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने त्यांचं ऐकायला नकार दिला. याचा बोजा किती? प्राधिकरणाचाच अंदाज होता, एअर कॅनडाला तिकिटामागे ७७ सेंट, वेस्टजेटला ४४. म्हणजे एक डॉलरसुद्धा नाही. त्यात शेजारच्याला त्याची पूर्ण जागा मिळते, हे विसरू नका. अमेरिकेत साउथवेस्ट कंपनी बरीच वर्षं दुसऱ्या सीटचे पैसे प्रवासानंतर परत देत होती. जानेवारी २०२६पासून तिने अट घट्ट केली, विमानात सीट रिकामी राहिली असेल तरच परतावा. आपल्याकडे इंडिगोने जुलै २०२०मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, एकाच प्रवाशाला दोन सीट घेण्याची सोय सुरू केली. म्हणजे यंत्रणेला हे जमतं. आता ती सीट कमी दरात मिळावी, विमान पूर्ण भरलं नाही तर पैसे परत मिळावेत, आणि हे तिकीट काढतानाच घरबसल्या, कुणालाही न सांगता व्हावं. जोडपट्टाही तिथेच नोंदवता यावा.

वजन कमी करायची बुद्धी होईल, या शेवटच्या मुद्द्याला फार शब्द देत नाही. थायरॉइड, स्टेरॉइडची औषधं, गुडघ्याच्या दुखण्याने थांबलेलं चालणं, हे काउंटरवरच्या पावतीने बरं होत नाही. आणि कुठल्याही लठ्ठ माणसाला त्याचं वजन सांगणाऱ्यांची कमतरता आयुष्यात कधीच नसते.

मी हे सगळं थोडक्यात ग्रुपवर लिहिलं. दोघांनी ‘बरोबर’ म्हटलं, एकाने सामोआचा दुवा परत पाठवला. नंतर आत्याला फोन केला. डिसेंबरात तिला नागपूरला लग्नाला जायचंय, तर म्हटलं विमानाचं तिकीट काढते, सव्वा-दीड तासात पोचशील. ती म्हणाली, “नको गं. मी आपली रात्रीच्या गाडीने जाईन. बर्थ रुंद असतो.”