‘तीन फेऱ्यांत पास वसूल होतो’ हा हिशेब कुठे चुकतो

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांत डिस्नेलँडच्या वार्षिक पासाविषयीचा एक संदेश फिरत असतो. दरवाढ झाली की त्यातले आकडे बदलतात, बाकी मजकूर तोच राहतो. ऑक्टोबर २०२४ च्या दरवाढीनंतरच्या संदेशाचा आशय असा: एका दिवसाचे तिकीट २०६ डॉलरला आहे आणि वर्षाचा पास ५९९ डॉलरला, म्हणजे तीन फेऱ्यांत पास वसूल होतो आणि चौथ्या फेरीपासून सगळे फुकट. मनात येईल तेव्हा जाता येते, पैसे हप्त्याने भरता येतात, आत खाण्यावर आणि खरेदीवर सूट मिळते. किंमत दरवर्षी वाढते, म्हणून आत्ताच घ्यावा, कारण मुलांचे बालपण पुन्हा येत नाही.

या संदेशातला एकही आकडा खोटा नाही, आणि तो लोकांना पटतो याचे कारणही तेच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या दरपत्रकात सर्वांत महागडे एकदिवसीय तिकीट खरोखरच २०६ डॉलरचे होते आणि सर्वांत स्वस्त पास, म्हणजे ‘इमॅजिन की’, ५९९ डॉलरला होता. पुढचा सगळा हिशेब मी याच दरपत्रकावर केला आहे. माझा आक्षेप हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडण्यावर आहे.

डिस्नेलँडचे तिकीट रोज एकाच किमतीला मिळत नाही. गर्दीच्या अंदाजानुसार दिवसांचे गट पाडलेले असतात, आणि त्या दरपत्रकात सर्वांत कमी गर्दीच्या दिवसाचे तिकीट १०४ डॉलरचे होते, तर २०६ हा दर नाताळच्या आठवड्यासारख्या तुडुंब दिवसांचा होता. आता इमॅजिन पासाच्या अटी पाहाव्यात. या पासाला वर्षातल्या पुष्कळ तारखा बंद असतात. त्यांत शनिवार-रविवारांचा मोठा भाग येतो, सणासुदीचे दिवस येतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतलेही कित्येक दिवस येतात. म्हणजे ज्या दिवशी तिकीट २०६ डॉलरला असते, त्या दिवशी हा पास दाखवून सहसा आत जाताच येत नाही. जो दिवस पासात मुळात नाही, त्या दिवसाच्या किमतीने पासाची वसुली मोजणे चुकीचे आहे. पास ज्या दिवशी चालतो त्या दिवशी तिकीट कितीला पडले असते, हाच प्रश्न विचारायला हवा. अगदी स्वस्त दिवस धरले तर १०४ डॉलरच्या दराने पास वसूल व्हायला सहा फेऱ्या लागतात. असे दिवस वर्षात मोजकेच असतात, हे मला मान्य आहे. म्हणून हिशेबापुरता मधला दर १४० डॉलर धरला, तरी चार फेऱ्यांचे ५६० डॉलरच होतात आणि पाचवी फेरी करावीच लागते.

शिवाय कॅलिफोर्नियाचा रहिवासी पूर्ण दराने तिकीट घेतोच असे नाही. डिस्नेलँड बहुतेक वर्षी सुरुवातीच्या महिन्यांत राज्यातल्या रहिवाशांसाठी तीन दिवसांचे सवलतीचे तिकीट काढते. २०२५ साली कामाच्या वारी चालणारे असे तिकीट १९९ डॉलरला होते. असे तीन संच म्हणजे नऊ दिवस होतात आणि त्यांची किंमत ५९७ डॉलर भरते, तर पास ५९९ डॉलरचा आहे. हे तिकीट ठरावीक मुदतीतच वापरावे लागते आणि त्यावर एका दिवशी एकाच उद्यानात जाता येते, तर पासावर मूळचे डिस्नेलँड आणि शेजारचे कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर अशी दोन्ही उद्याने एकाच दिवशी पाहता येतात, हा फरक खरा आहे. तरीही जे कुटुंब वर्षात तीनदा जाऊ म्हणते, त्याने आपल्या तीन फेऱ्यांची तुलना २०६ च्या दराने होणाऱ्या ६१८ डॉलरशी न करता या १९९ डॉलरशी करायला हवी.

मुलांच्या बाबतीत हा फरक आणखी वाढतो. तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागतच नाही. तीन ते नऊ वर्षांच्या मुलांचे तिकीट मोठ्यांपेक्षा थोडे स्वस्त असते आणि कधी कधी त्यांच्यासाठी वेगळी सवलतही निघते. २०२४ च्या सुरुवातीला या वयाच्या मुलांना एका दिवसाचे तिकीट ५० डॉलरला मिळत होते. पासाला मात्र बालदर नाही. पाच वर्षांच्या मुलीचा पासही बापाच्या पासाइतक्याच किमतीचा असतो, त्यामुळे चौघांच्या घराला २,३९६ डॉलर मोजावे लागतात.

मग ‘तीन-चार फेऱ्यांत वसूल’ ही समजूत आली कुठून? माझ्या मते ती एके काळी खरी होती. करोनाच्या साथीमुळे १४ मार्च २०२० रोजी डिस्नेलँड बंद झाले, जानेवारी २०२१ मध्ये जुनी वार्षिक पासांची योजना संपवल्याचे जाहीर झाले, आणि उद्यान पुन्हा उघडल्यानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये ‘मॅजिक की’ या नावाने नवे पास आले. तेव्हा इमॅजिन पास ३९९ डॉलरला होता. २०२२ मध्ये तो ४४९ झाला, २०२३ मध्ये ४९९ आणि २०२४ मध्ये ५९९. तीन वर्षांत पासाची किंमत दीडपट झाली. या सगळ्या काळात सर्वांत स्वस्त तिकीट मात्र १०४ डॉलरवरच राहिले. तो दर २०१९ पासूनचा आहे. याचा अर्थ असा, की २०२१ साली स्वस्त दिवसांच्या चार फेऱ्यांत पास वसूल होत असे आणि २०२४ साली त्याच दिवसांच्या सहा फेऱ्या लागू लागल्या. पास आणि तिकीट यांच्यातले नातेच बदलले, आणि जुन्या अनुभवातून आलेला सल्ला नव्या किमतीला तसाच चिकटवला गेला. ‘किंमत दरवर्षी वाढते म्हणून आत्ताच घ्या’ या मुद्द्याचे उत्तरही यातच आहे. पासाची किंमत तिकिटापेक्षा वेगाने वाढत असेल, तर दर वर्षी पास घेण्याचे कारण दुबळे होत जाते.

‘चौथ्या फेरीपासून सगळे फुकट’ हे विधान तर कोणत्याच फेरीला लागू पडत नाही. या दरपत्रकाच्या काळात साध्या पार्किंगचे दिवसाला ३५ डॉलर होते, आणि ते पूर्ण माफ होत ते सर्वांत महागड्या, १,७४९ डॉलरच्या ‘इन्स्पायर’ पासावर. दहा फेऱ्या केल्या तर पूर्ण दराने नुसत्या गाडी उभी करण्याच्या शुल्काची बेरीज ३५० डॉलरपर्यंत जाते. दुसरी गोष्ट रांगेची. १९९९ पासून २०२० पर्यंत ‘फास्टपास’ ही रांग टाळण्याची सोय तिकिटात किंवा पासातच मिळत असे. जुने पासधारक पासाची जी महती सांगतात, तिच्यात या सोयीचा वाटा मोठा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तिच्या जागी माणशी २० डॉलरची ‘जिनी प्लस’ ही सेवा आली, २०२४ मध्ये तिचे नाव ‘लाइटनिंग लेन मल्टी पास’ झाले, आणि या दरपत्रकात तिचा दर ३२ डॉलरपासून सुरू होत होता. चौघांसाठी एका दिवसाचे हे १२८ डॉलर होतात. पासधारकाने ही सेवा घेतलीच पाहिजे असे नाही, पण ज्यांना उभ्या दिवसात चार-पाचच राइड पदरात पडतात, त्यांना ती घ्यावीशी वाटते, आणि मग फेरी फुकट राहत नाही.

आता ‘मनात येईल तेव्हा’ या शब्दांकडे वळतो, कारण माझ्या मते संपूर्ण संदेशातली सर्वांत दिशाभूल करणारी गोष्ट हीच आहे. मॅजिक की पासावर आधी आरक्षण करावे लागते. ते नव्वद दिवस आधीपासून करता येते, पण इमॅजिन पासावर एका वेळी दोनच दिवस राखून ठेवता येतात. आरक्षण करून न जाण्याचे प्रसंग नव्वद दिवसांत तीनदा आले, तर पुढचे तीस दिवस नवे आरक्षण मिळत नाही. मुलाला आदल्या रात्री ताप भरला तर मध्यरात्रीपूर्वी आठवणीने आरक्षण रद्द करणे, हे पासधारकाचे एक कामच होऊन बसते. आडवारी आयत्या वेळीही जागा मिळते, हे खरे आहे. पण शाळेत जाणारी मुले आणि नोकरीला जाणारे आईबाप यांच्या मनात जाण्याचे येते ते आडवारी नव्हे.

महागडा पास घेतला तर ही अडचण सुटेल, असे वाटणाऱ्यांनी ‘ड्रीम की’चे प्रकरण लक्षात ठेवावे. ऑगस्ट २०२१ मध्ये १,३९९ डॉलरला विकला गेलेला हा पास ‘एकही बंद तारीख नाही’ असे सांगून विकला गेला होता. त्या वर्षाच्या अखेरीस एका पासधारक महिलेने दावा लावला. तिचे म्हणणे असे होते, की नोव्हेंबरातल्या काही दिवसांसाठी तिला पासावर आरक्षण मिळत नव्हते आणि त्याच दिवसांची एकदिवसीय तिकिटे मात्र विक्रीला होती. कंपनीने आरोप मान्य केला नाही, पण पुढे ९५ लाख डॉलरची तडजोड झाली. एक लाखाहून अधिक ड्रीम पासधारकांत ती रक्कम वाटली जाऊन प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ६७ डॉलर आले. दरम्यान २०२२ मध्ये ड्रीम पासाची जागा इन्स्पायर पासाने घेतली आणि त्याला नाताळच्या सुमाराच्या बंद तारखा उघडपणे लिहिलेल्या होत्या. तारीख बंद नसणे आणि त्या तारखेला जागा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणाने पुरते स्पष्ट केले.

हप्त्यांविषयी थोडेच लिहितो. हप्त्याने रक्कम कमी होत नाही, फक्त डोळ्यांआड होते, आणि हप्ते सुरू झाले की वर्ष संपेपर्यंत त्यातून बाहेर पडता येत नाही. आपल्या लोकांच्या बाबतीत हा मुद्दा मला अधिक गंभीर वाटतो. व्हिसावर नोकरी करणाऱ्या घराला ऐन मार्चमध्ये टेक्ससला किंवा न्यू जर्सीला हलावे लागणे ही नवलाई नाही, आणि पास दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.

खाण्यावरच्या सवलतीचे गणित तर याहून सोपे आहे. इमॅजिन पासावर खाण्यावर आणि खरेदीवर दहा टक्के सूट मिळते. शंभर डॉलर वाचवायचे तर आत हजार डॉलर खर्च करावे लागतील. डिस्नेलँड घरचे खाणे आत नेऊ देते. गरम करावे न लागणारे पदार्थ काचेच्या भांड्यात नसले म्हणजे झाले. ज्या घरातून धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि कापलेली फळे बरोबर जातात, त्या घराने ही सूट हिशेबात धरण्याचे कारण नाही.

हा संदेश सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियातल्या मंडळींकडेही पोहोचतो, आणि तिथे त्याचा पायाच नाहीसा होतो. इमॅजिन पास फक्त दक्षिण कॅलिफोर्नियातल्या, ९०००० ते ९३५९९ या झिप कोडांत (अमेरिकी पिन कोडांत) राहणाऱ्यांना मिळतो. सॅन होजेच्या कुटुंबाला त्या वेळी सर्वांत स्वस्त पास ९७४ डॉलरचा ‘एन्चांट’ हा होता. १४० डॉलरच्या मधल्या दराने तो वसूल व्हायला सात फेऱ्या लागतात, आणि एका फेरीसाठी जाऊन-येऊन सातशे मैलांचा प्रवास आणि हॉटेलचा मुक्काम आलाच. मे-जूनमध्ये पुण्या-नागपूरहून आईवडील येतात, बहिणीची मुले येतात, त्या वेळी पास उपयोगी पडेल असेही पुष्कळांना वाटते. पण पास नावाचा आणि छायाचित्राचा असतो. पाहुण्यांना त्यांची तिकिटे काढावीच लागतात, आणि ते येतात त्या उन्हाळ्यातच आपला पास अनेक दिवशी बंद असण्याची शक्यता असते.

राहिला बालपणाचा मुद्दा. तो भावनिक आहे म्हणून मी तो हलका मानत नाही. उलट पासाच्या बाजूचा खरा युक्तिवाद याच मुद्द्याच्या पोटात आहे, फक्त संदेशात तो नीट मांडलेला नाही. ज्याने १४० डॉलरचे तिकीट काढले आहे, तो माणूस पैसे फिटावेत म्हणून दमलेल्या मुलाला रात्री फटाक्यांपर्यंत ओढत नेतो. पासधारकावर ते दडपण नसते. मुलगी तीन तासांत कंटाळली तर तो तिला घेऊन घरी येऊ शकतो. लहान मुलांना तीन-चार तासच झेपतात, त्यामुळे ही मोकळीक मला मोलाची वाटते आणि तिच्यासाठी कुणी पैसे मोजले तर मी त्याला चूक म्हणणार नाही. मात्र ही मोकळीक अंतरावर अवलंबून आहे. डिस्नेलँडजवळच्या ॲनाहाइम, फुलर्टन किंवा अर्व्हाइनला राहणाऱ्या आणि मंगळवारी शाळा सुटल्यावर मुलांना नेऊ शकणाऱ्या आईला ती खरोखर मिळते, आणि तिच्या दहा-बारा फेऱ्या सहज होतात. सॅन दिएगोहून जवळजवळ शंभर मैल गाडी चालवत आलेले कुटुंब तीन तासांत परत फिरत नाही. पास असला तरी ते दिवसभर थांबते आणि फटाके पाहूनच निघते.