‘छोटी गाडी, मेंटेनन्स झीरो’ म्हणे!

मुलांच्या एटीव्हीबद्दलचा (फुगीर टायरची, चार चाकांची, कच्च्या रस्त्यावरची छोटी गाडी) तो मेसेज परत फिरायला लागलाय, या आठवड्यात मला तिघांनी पाठवला. त्यात म्हटलंय की इंजिन छोटं म्हणून ऑइल वर्षातून एकदा बदललं तरी चालतं, गाडी चालू नाही झाली तर सरळ नवीन कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) टाका, टायर दाबून कडक भरा, थ्रॉटलचा, म्हणजे अंगठ्याने द्यायच्या रेसचा, स्क्रू काढून टाका आणि चिखल झाला की प्रेशर वॉशर मारा. एवढं एकत्र चुकीचं लिहायलाही मेहनत लागते राव.

आधी ऑइल. 110 सीसीच्या इंजिनात जेमतेम लिटरभर ऑइल असतं, कधी त्याहूनही कमी, आणि अशा बऱ्याच इंजिनांत कागदी फिल्टर नसतोच, नुसती जाळी असते. म्हणजे झिजलेल्या धातूचा बारीक चुरा त्याच लिटरभर ऑइलमध्ये फिरत राहतो. नव्या गाडीत तर हा चुरा सगळ्यात जास्त, म्हणून पहिलं ऑइल पहिल्या काही तासांतच बदलायचं आणि पुढेही हिशोब चालवलेल्या तासांवर ठेवायचा, कॅलेंडरवर नाही. छोटं आहे म्हणून कमी लागतं हे गणितच उलटं आहे. (टू-स्ट्रोक असेल तर प्रकार वेगळा, तिथे इंजिनचं ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं, बदलायचं असतं ते गिअर ऑइल.)

आता कार्बोरेटर, आणि माझा खरा राग इथे आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! मी स्वतः एकदा कार्बोरेटर काढून टेबलावर पसरून बसलो होतो, पोरगी आली आणि म्हणाली, बाबा ते लाल बटण दाबलेलंच आहे. म्हणजे इंजिन बंद करायचा किल स्विच ऑफ. बऱ्याच गाड्यांत त्याने फक्त स्पार्क बंद होतो, स्टार्टर मस्त फिरत राहतो, म्हणून माणूस पेट्रोलच्या मागे लागतो. मागे सेफ्टीची दोरी असते (ओढली की इंजिन बंद) तीही नीट बसलेली बघा. स्टार्टर फिरतच नसेल तर ब्रेक दाबलाय का, गाडी न्यूट्रलला आहे का, फ्यूज गेलाय का, आणि मग बॅटरी. काही तास नुसत्या ठेवलेल्या चांगल्या बॅटरीचं व्होल्टेज 12.6 च्या आसपास येतं, 12 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. स्टार्टर फिरतो पण इंजिन पेटत नाही, तर पेट्रोल कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) उघडा आहे का ते बघा आणि प्लग काढून स्पार्क बघा, फक्त प्लगच्या भोकापासून लांब धरून, तिथून पेट्रोलची वाफ येत असते.

आणि चोक लावला की चालते, चोक काढला की बंद पडते, असं असेल तर मात्र बहुतेक पायलट जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) चोंदलाय, कारण महिनोन्महिने उभ्या गाडीत पेट्रोल शिळं होऊन चिकट होतं. तेव्हासुद्धा नवीन कार्बोरेटर नको, गार इंजिनवर खालचा ड्रेन स्क्रू सोडून जुनं पेट्रोल काढा, जेट क्लीनरने धुवा. भोकात तार घालू नका, भोक मोठं झालं की मिक्श्चर कायमचं बिघडतं. गाडी बरेच दिवस ठेवून द्यायची असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, एवढं केलं तरी निम्मा त्रास वाचतो.

टायरचं थोडक्यात. हे फुगीर टायर कमी हवेवरच चालायचे असतात, अनेक गाड्यांना 5 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) सुद्धा पुरतात, नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. मोटारीचा गेज इतकं कमी नीट दाखवत नाही, लो प्रेशरवाला वेगळा घ्या. कडक भरलात तर गाडी चेंडूसारखी उडते, दोन बाजूंना कमीजास्त भरलात तर एकीकडे ओढते.

थ्रॉटलचा स्क्रू मुलाच्या अंगठ्याला किती मोकळीक द्यायची त्यासाठीच दिलेला आहे! मुलगा वळताना, ब्रेक मारताना गाडी सांभाळतोय असं दिसलं की थोडा थोडा सोडायचा, काढायचा नाही. तिथे हात घातलाच आहे तर हँडल दोन्ही टोकांना वळवून बघा, अंगठा सोडल्यावर थ्रॉटल टचकन मागे येतोय ना? अडकत असेल तर त्या दिवशी गाडी बंद.

प्रेशर वॉशरचं पाणी बेअरिंगमध्ये, ब्रेकच्या ड्रममध्ये, वायरच्या जोडांमध्ये, एअर फिल्टरच्या डब्यात, सगळीकडे घुसतं. साधा पाइप आणि ब्रश घ्या, मग चेन पुसून तेल लावा आणि चाक फिरवून चेन जिथे सगळ्यात ताणलेली आहे तिथे ढील तपासा, साधारण दोन-तीन सेंटीमीटर खालीवर हलायला हवी. फोमचा एअर फिल्टर असेल तर तोही साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवा, फिल्टर ऑइल लावा, जास्तीचं दाबून काढा, पिळू नका, फोम फाटतो.