मिनिमम तीनशे

नाशकात राहणाऱ्या माणसाला नाशकात भाड्याची गाडी कशी ठरवतात हे ठाऊक असायचं काहीच कारण नाही. पण पाहुण्यांना हे पटत नाही. "तुम्ही तर तिथलेच!" असं म्हणून ते गाडीचं आपल्या गळ्यात टाकतात आणि स्वतः नागपूरला सेवाग्राम एक्सप्रेसमध्ये बसून निवांत झोपतात.

आमचे थोरले साडू असेच आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. खिशात छोटी डायरी, डायरीत तीन रंगांची पेनं वापरून केलेला कार्यक्रम. नाशिकरोडला उतरल्या उतरल्या त्यांचा फोन आला, "पोचलो. आता पाच मिनिटांत रामकुंड करून घरीच येतो." नाशिकरोड स्टेशन आणि नाशिक यांच्यामध्ये नऊ-दहा किलोमीटर अंतर आहे हे बाहेरच्या माणसाला कुणी सांगत नाही. तिकिटावर तर मुळीच लिहिलेलं नसतं.

घरी आल्यावर डायरी उघडली. 'दिवस पहिला: रामकुंड, काळाराम, त्र्यंबक, वणी, शिर्डी, शिंगणापूर. मुक्काम: जमल्यास.'

मी त्यांना समजावलं की त्र्यंबक आमच्या पश्चिमेला, देवीचा गड उत्तरेला, शिर्डी आग्नेयेला, आणि शिंगणापूर तर शिर्डीच्याही पुढे सत्तरेक किलोमीटर.

"म्हणजे एका लायनीत नाही?"

"नाही."

"काहून?"

यावर काय बोलणार? जागा निवडताना देवांनी गाडीभाड्याचा विचार केलेला दिसत नाही, एवढंच.

शेवटी पहिल्या दिवशी गाव आणि त्र्यंबक, दुसऱ्या दिवशी गड आणि शिर्डी असं ठरलं. शिंगणापूर साडूभाऊंनी लाल पेनाने कंसात टाकलं, खोडलं नाही. मग मी एका ट्रॅव्हल्सवाल्याला फोन लावला. या लोकांशी बोलायला लागलं की आपण मराठी माध्यमात उगाच शिकलो असं वाटायला लागतं.

"लोकल की आउटस्टेशन?"

"त्र्यंबकला जायचंय."

"मग एट-एटी घ्या. दुसऱ्या दिवशी मिनिमम थ्री हंड्रेड, ड्रायव्हर भत्ता वेगळा, टोल-पार्किंग तुमचं, गॅरेज टू गॅरेज."

मी "बरं" म्हणालो. असं नुसतं 'बरं' म्हणणारं गिऱ्हाईक या धंद्याला फार आवडतं.

साडूभाऊंनी मात्र फोन हिसकावून घेतला आणि एकेक शब्द सोलून काढला. त्यातून जे निघालं ते असं. एट-एटी म्हणजे ८ तास आणि ८० किलोमीटर. दोन्हींपैकी जे आधी संपेल त्याच्यापुढे जादा पैसे. त्र्यंबकला जाऊन येऊन साधारण साठ किलोमीटर होतात, म्हणजे किलोमीटर उरतात. संपतात ते तास, कारण ते दर्शनाच्या रांगेत उभे असतात. सोमवार असेल तर विचारूच नका, आणि श्रावणातला तिसरा सोमवार असेल तर ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला लोटलेली गर्दी बघून ड्रायव्हर स्वतःच हात जोडतो. बाहेरगावचं भाडं उलटं. तिथे तास कुणी मोजत नाही, पण गाडी शंभर किलोमीटर फिरली तरी पैसे तीनशे किलोमीटरचे. समजा किलोमीटरला १३ रुपये दर असेल, तर गाडी तुमच्या दारातून हलली की ३९०० रुपये झाले. तेव्हा रांगेचं देवस्थान आणि लांबचं देवस्थान एकाच दरात बसवायला जाऊ नये. आणि दिवस म्हणजे तारीख. रात्री बारा वाजून एक मिनिट झालं की दुसरा दिवस, दुसरा भत्ता, आणि कुणी कडक भेटला तर दुसरे तीनशे.

हे ऐकल्यावर साडूभाऊंच्या डोळ्यांत एक तेज आलं. तिथेच मला काळजी वाटायला हवी होती.

भाच्याने मध्येच "सेल्फ ड्राइव्ह घेऊ ना, मी चालवतो" असा मुद्दा काढला. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या त्या गाड्या मिळतात, वाईट नसतात. फक्त ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढावा, चाकांच्या कडांपासून काचेपर्यंत, आणि इंधनाचा काटा कुठे आहे तेही त्यात यावं. नाहीतर मागच्या गिऱ्हाइकाचा ओरखडा आपल्या डिपॉझिटमधून पुसला जातो. पण साडूभाऊंनी विषय तिथेच संपवला. "हा नागपुरात सपाट रस्त्यावर बुलेट पाडतो. घाटात काय करणार?"

शेजारच्या काकांनी तिसरा मार्ग सुचवला. त्यांच्या भाच्याची गाडी. घरचीच, स्वस्तात, पांढऱ्या पाटीची. इथे मात्र मी ठाम राहिलो. भाड्याची गाडी पिवळ्या पाटीचीच हवी. घरगुती गाडी पैसे घेऊन फिरवायला परवानगी नसते आणि वाटेत काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. विमा कंपनीपेक्षा काकांचा अबोला परवडतो.

गडाच्या आदल्या संध्याकाळी गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा नंबर मागून घ्यायचा असतो, तो मी घेतला. ठरली होती इनोव्हा. सकाळी सहाला दारात आली एर्टिगा. "सेमच आहे साहेब, सेव्हन सीटर." सेव्हन सीटर म्हणजे ड्रायव्हर धरून सात, हे गणित कुठल्याच जाहिरातीत नसतं. सासूबाई, ताई, साडूभाऊ, भाचा आणि आम्ही दोघं असे आम्ही बरोबर सहा. पण डायरीत 'मुक्काम: जमल्यास' असल्यामुळे ताईंनी बॅगा भरल्या होत्या. ड्रायव्हरदादांनी मागचं दार उघडलं. आत सीएनजीची टाकी पहुडली होती. तिच्या आणि मागच्या सीटच्या मधल्या फटीत एक स्टेपनीचा जॅक, एक फडकं आणि अर्धा भरलेला पाण्याचा कॅन होता. तिथे फार तर एक नारळ मावला असता.

"सामान कुठे ठेवायचं?"

"मांडीवर येईल ना साहेब."

फोनवर गाडीचा रंग विचारू नका, मॉडेलचं साल विचारू नका, पण डिकीत टाकी आहे का हे विचाराच. मी ताईंची बॅग मांडीवर घेऊन गडापर्यंत गेलो. तिच्यात इस्त्री होती. का होती, हे विचारायची हिंमत झाली नाही.

पुढच्या सीटवरून वाद झाला. सासूबाईंना गाडी लागते, म्हणून पुढची सीट त्यांची, हे घराण्यात पिढीजात ठरलेलं. पण साडूभाऊंना मीटर दिसायला हवा होता. त्यांनी दारातच मीटरचा फोटो काढला आणि ड्रायव्हरदादा शांतपणे म्हणाले, "साहेब, नऊ आधीच झालेत. अंबडहून आलो ना मी. गॅरेज टू गॅरेज, म्हणजे गाडी निघते तिथून परत तिथे लागेपर्यंत." साडूभाऊंनी डायरीत हिरव्या पेनाने '९ (अंबड)' असं लिहिलं. शेवटी सासूबाई पुढे बसल्या, आमसूल तोंडात धरून, आणि साडूभाऊ त्यांच्या मागून दर दहा मिनिटांनी "आई, किती झाले?" विचारत राहिले. बिचाऱ्या गाडी लागण्याचंही विसरल्या.

भाच्याने फोनच्या नकाशात 'वणी' टाकलं होतं. सगळा महाराष्ट्र वणीची देवी म्हणतो, पण वणी हे गाव दिंडोरी तालुक्यात आणि देवी बसलीय कळवण तालुक्यात, सप्तशृंगगडावर. नकाशा इमानदारीने वणीच्या बाजारपेठेत नेऊन "तुम्ही पोचलात" असं सांगतो. आमचे ड्रायव्हरदादा फोनकडे न बघता सरळ नांदुरीला गेले. नवरात्रात आणि चैत्रातल्या यात्रेत खासगी गाड्या तिथेच अडवतात आणि पुढे एसटीने वर जावं लागतं. त्या दिवसांत गाडी ठरवणं म्हणजे नांदुरीत पार्किंगला जागा घेणं. आम्ही आडदिवशी गेलो होतो, म्हणून घाट चढलो. घाट लागल्याबरोबर एसी बंद झाला. तो का बंद झाला हे विचारल्यावर "इंजिनवर लोड येतो" असं सांगतात. उताराला का चालू होत नाही, यावर "आता सवयच झाली गाडीला" असं म्हणाले. वर मात्र ट्रॉली आहे, त्यामुळे पायऱ्या वाचल्या. सासूबाई ट्रॉलीत इतक्या खूश झाल्या की "गडापर्यंत पण हीच का नाही आणली?" म्हणाल्या.

दर्शन झालं. खाली आल्यावर साडूभाऊ मीटर वाचून हळहळले. "अजून शंभरसुद्धा झाले नाहीत. पैसे तर तीनशेचे जाणार." इथून त्यांच्यातला हिशेबनीस जागा झाला. भाच्याने फोनवर सापुतारा जवळ आहे असं दाखवलं. "चला!"

"साहेब, बॉर्डर आहे ती," ड्रायव्हरदादा म्हणाले. "गुजरात लागतं. माझं परमिट महाराष्ट्राचं."

"थोडंसंच लागत असेल ना?"

गुजरात थोडंसं लागत नाही, लागलं की पूर्ण लागतं. तुमच्या वाटेत दुसरं राज्य येत असेल तर ते गाडी ठरवतानाच सांगायचं. परमिट, टॅक्स सगळं त्यावर ठरतं. ऐन रस्त्यात सुचलेल्या सापुताऱ्याला नाक्यावर इलाज नसतो.

मग चांदवड, मनमाड करत शिर्डीकडे निघालो आणि वाटेत येवला लागलं. ड्रायव्हरदादा अगदी सहज म्हणाले, "पैठणी बघायची का ताई? आपल्या ओळखीचं आहे." ओळखीच्या दुकानात ड्रायव्हरचंही काही असतं हे जगजाहीर आहे, आणि त्यात लपवण्यासारखंही काही नाही, त्या माणसाला दिवसाचा भत्ता तो किती मिळतो! पण पैठणी बघायला बसलेल्या बाईला 'आपण फक्त बघतोय' असं सांगून उपयोग नसतो. साडूभाऊ बाहेर गाडीजवळ उभे राहिले. मीटर थांबलेला आणि खर्च मात्र चालू, असं दृश्य त्यांनी नोकरीतसुद्धा पाहिलं नसावं. पैठणीच्या खोक्यालाही डिकीत जागा नव्हती. ते इस्त्रीच्या बॅगेवर आलं, म्हणजे माझ्यावरच.

शिर्डीत दर्शन झाल्यावर शेजारतीचा प्रश्न उभा राहिला. ताईंना शेजारती हवी होती. ती रात्री दहाच्या सुमारास. तिथून नाशिक ९० किलोमीटरच्या आसपास. साडूभाऊंनी डायरीत मांडणी केली आणि जाहीर केलं, "शेजारती केली तर तारीख बदलते." बाबांच्या दारात इतकी व्यावहारिक अडचण यापूर्वी कुणी मांडली नसेल. ताई रुसल्या, धूपारतीवर समाधान मानलं, जेवणं उरकली आणि आम्ही निघालो. मुक्काम जमला नाही. मुक्काम म्हणजे आणखी तीनशे.

सिन्नर मागे पडलं, शिंद्याचा टोल गेला. साडूभाऊंचा एक डोळा घड्याळात आणि दुसरा मीटरमध्ये. बारा वाजायला नकोत आणि तीनशे व्हायला हवेत, या दोन्ही काळज्या त्यांना एकदम लागल्या होत्या. द्वारका चौकात सिग्नल लागला तेव्हा ते पहिल्यासाठी हळहळले आणि मी "उड्डाणपुलावरून गेलो असतो तर" म्हणालो तेव्हा दुसऱ्यासाठी.

गंगापूर रोडला घरी पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. सासूबाई, ताई, पैठणी, इस्त्री सगळं उतरलं. साडूभाऊंनी टॉर्च लावून मीटर वाचला, सकाळचे नऊ मिळवले. दोनशे एक्क्याण्णव.

"नऊ राहिले," ते खिन्नपणे म्हणाले.

"ते भरतात ना साहेब. आता अंबडला गाडी लावेपर्यंत बरोबर तीनशे."

"म्हणजे आमच्या पैशाचे नऊ किलोमीटर तुम्ही एकटेच फिरणार?"

ड्रायव्हरदादांना काय बोलावं ते सुचेना. साडूभाऊंनी दार उघडलं, सासूबाईंनी दिवसभर अडवलेल्या पुढच्या सीटवर ऐसपैस बसले, पट्टा लावला आणि काच खाली करून मला म्हणाले, "तुम्ही स्कूटर घेऊन मागून या. मी अंबडला उभा असतो."