‘मराठी नीट दिसत नाही’ एवढ्याने डेव्हलपरला काय कळणार?

लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये ‘दऱ्या’ मोडका दिसला की आपण ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतो. खाली ‘माझ्याकडेही’ची रांग लागते आणि विषय तिथेच संपतो. ज्याने कोड दुरुस्त करायचा त्याच्यापर्यंत काहीच जात नाही. गेलं तरी त्याला बहुधा देवनागरी वाचता येत नसते, मग चित्रात चुकलंय काय हे त्याने ओळखायचं कसं?

आधी दोष कुणाचा ते बघा. डोंगरातल्या दऱ्या आणि खवळलेला दर्या यांत फरक एका अक्षराचा. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असतो. पहिल्यात ऱ, म्हणजे यू+०९३१. दुसऱ्यात साधा र, यू+०९३०. रायटरमध्ये, म्हणजे लिबरऑफिसच्या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये, अक्षरानंतर कर्सर ठेवून ऑल्ट+एक्स दाबलं की क्रमांक दिसतो. ०९३० निघाला आणि हलन्तापुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह, म्हणजे २००डी, नसेल तर चूक टंकणाऱ्याची किंवा कीबोर्डची. लिबरऑफिस बिचारं निर्दोष.

क्रमांक बरोबर असेल तर फॉन्ट बदला. दुसऱ्या फॉन्टात ऱ्य नीट जुळला तर तक्रार फॉन्टवाल्यांकडे. लिबरऑफिसच्या ५.३ आवृत्तीपासून अक्षरं जुळवायचं काम सगळीकडे हार्फबझ ही सॉफ्टवेअर लायब्ररी करते. तिच्याच एचबी-व्ह्यू या छोट्या प्रोग्रॅमला फॉन्ट फाइल आणि शब्द दिला की तो चित्र काढून देतो. चित्र बरोबर आणि रायटरमध्ये चूक, तर खुशाल लिबरऑफिसच्या बगझिलात, म्हणजे दोष नोंदवायच्या साइटवर, जा.

(‘श’ आणि ‘ल’ हिंदी वळणाचे दिसतात? मजकुराची भाषा हिंदी लागलीय का बघा. ती मराठी केली आणि फॉन्टात मराठी रूपं असली की ती आपोआप येतात. हा बग नव्हे.)

एका तक्रारीत एकच दोष. सोबत त्या एका शब्दाची ओडीटी, म्हणजे रायटरची, फाइल. ऑफिसचा अख्खा अहवाल चिकटवू नका, तो सगळ्या जगाला दिसतो. फॉन्टचं नाव, युनिकोड क्रमांक आणि दोन चित्रं हवीत: दिसतं ते आणि दिसायला हवं ते. ‘लेटेस्ट आहे’ असं लिहू नका. मदत मेनूतल्या ‘लिबरऑफिसविषयी’मधून आवृत्तीची माहिती जशीच्या तशी कॉपी करा. सेफ मोडमध्येही, म्हणजे तुमच्या सेटिंग्जशिवाय लिबरऑफिस उघडून, एकदा तपासा, कारण प्रोफाइल (साठवलेली सेटिंग्ज) बिघडलं की नसलेले बग दिसू लागतात.

तक्रार आधी ‘अनकन्फर्म्ड’ राहते. दुसऱ्या कुणाच्या मशीनवर तोच दोष दिसला की ती ‘न्यू’ होते. त्या ‘माझ्याकडेही’वाल्यांची गरज इथे आहे, पण आपापल्या आवृत्तीसकट, नुसत्या +१ ने सगळ्यांना फुकटचा मेल जातो. ‘नीडइन्फो’ (आणखी माहिती हवी) लागल्यावर तुम्ही गप्प बसलात तर काही महिन्यांनी तक्रार बंद.

‘आधी चालत होतं’ हे मात्र सोनं. जुन्या आवृत्त्या अजून डाउनलोड करता येतात. शेवटची चालणारी कुठली ते शोधून लिहा. मग क्यूएवाले, म्हणजे दोष तपासणारे, बायबिसेक्ट करतात: दोन आवृत्त्यांमधल्या तयार बिल्डांपैकी (चालवता येणाऱ्या प्रतींपैकी) मधला बिल्ड चालवून बघायचा, उरलेल्यातला अर्धा भाग बाद करायचा. १००० बिल्ड असले तरी १० फेऱ्यांत नेमका बदल सापडतो आणि तो ज्याने केला त्यालाच तक्रारीच्या सीसीत घालतात.